वानखडेकाका आणि तुफानची समजूत

इंटरनेटवर झालेलं भांडण मिटवायला पेढ्यांचा पुडा घेऊन स्कूटरवरून निघालेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमचे वानखडेकाका. तो पुडा मांडीवर धरून मागच्या सीटवर मीच बसलो होतो, त्यामुळे यात ऐकीव काही नाही.

काका उरवड्याच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. मूळचे अकोटकडचे. पिरंगुटला आमच्या खोल्या शेजारी शेजारी होत्या. मी तेव्हा हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टर होतो, म्हणजे दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढायचा पगार घेत होतो. काका पन्नाशी ओलांडलेले. लग्न केलेलं नव्हतं. का, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. इतर सगळ्या बाबतीत मात्र हा माणूस इतका बोलका की दूधवाला त्यांच्या दारी पिशवी ठेवून अक्षरशः पळायचा.

काकांना एकच गोष्ट सहन व्हायची नाही, ती म्हणजे अबोला. दोन माणसं एकमेकांशी बोलत नाहीत असं कळलं की त्यांना जेवण जायचं नाही. “शिळं भांडन पोटाले बाधते, बापा,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पोट कोणाचं, तर बहुधा त्यांचं स्वतःचं. मग ते त्या दोघांना काही ना काही निमित्तानं आपल्या खोलीवर बोलवत आणि चहा मुद्दाम कमी करत. दोन माणसांत दीड कप. कप पुढे ठेवून स्वतः साखर आणायला म्हणून बाहेर जायचे. आता दीड कप चहा दोघांनी घ्यायचा म्हणजे बोलावं लागतं. “तू घे.” “नको, तुला राहू दे.” एवढं झालं की काका दाराआडून हजर! वरच्या मजल्यावरचं दोरीवरच्या कपड्यांचं भांडण त्यांनी असंच मिटवलं. घरमालक आणि पाण्याचा टँकरवाला यांचंही मिटवलं. त्यानंतर आम्हाला टँकर महाग पडायला लागला, ती गोष्ट वेगळी.

तर अशा माणसाला मी ऑनलाइन गेममध्ये ओढलं. गाढवपणा माझाच.

त्या वर्षी एका गेमची फार हवा झाली होती. किल्ले, घोडे, तलवारी, आणि देशभरातले लोक म्हणे एकाच वेळी एकाच मैदानात. माझ्या खोलीवर नेट नव्हतं, त्यामुळे नाना शेडग्यांचा सायबर कॅफे गाठायचा. हा कॅफे पिठाच्या गिरणीला लागून होता. तिकडे दळण सुरू झालं की इकडे पडदे थरथरायचे आणि कीबोर्डवर पिठाचा हलका थर बसायचा. गेममध्ये टोळी काढायला किमान चार माणसं लागत. मी एक, नानाला पकडलं तो दुसरा, आणि रविवारी रिकामे बसलेले काका तिसरे. चौथा आम्हाला गेममध्येच भेटला. त्याचं नाव तुफान.

काकांचं खेळणं म्हणजे बघण्यासारखी गोष्ट होती. समोरून शत्रू तलवार उपसून धावत यायचा आणि काका एका बोटानं टाइप करत बसायचे, “नमस्कार. गाव कोणते?” ‘कोणते’पर्यंत पोचेस्तोवर मुंडकं उडालेलं असायचं. लोक शिव्या घालायचे. एकानं त्यांना ‘नूब’ म्हटलं. काकांनी मला अर्थ विचारला. मी म्हटलं, “नवखा.”

“मंग बरोबर सांगून राहिला ना तो,” काका म्हणाले आणि त्याला उलट धन्यवाद लिहून पाठवले.

तुफाननं मात्र त्यांच्या प्रश्नाला उत्तर दिलं होतं. “घोटावडे. शाळेच्या मागं कोंबड्यांचं शेड हाय. आता गप हल्ला करा.” खेळायला हा गडी वाघ, आणि तोंडानं असा फाटका की बास. आम्हाला तो ‘मेंढरं’ म्हणायचा. पण त्याच्यामुळे आमची टोळी टिकून होती, म्हणून आम्ही ऐकून घेत होतो.

गेम मात्र टिकत नव्हता. पहिल्या रविवारी कुणालाच आत जाता आलं नाही. नंतर आत जाता यायला लागलं, तर बाहेर पडता येईना. माणसं हवेत चालायची. एकदा नानाचा घोडा मैदानात उभा आणि वर नानाच नाही. नाना गिरणीवाल्यावर धावून गेला, “तुज्या दळनापायी माझं सर्वर बसतंय!” मी त्याला समजावलं की सर्व्हर इथं नसतो, दूर कुठल्यातरी शहरात असतो. त्यावर नाना म्हणाला, “मग तिथली गिरणी बंद कराया सांगा.”

मी कंपनीला तक्रारी लिहायचो. अगदी टेस्टरच्या शिस्तीत. काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. उत्तर एकच यायचं, आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे. माझा संताप संताप व्हायचा. गेमच्या फोरमवर तर लोक एकमेकांच्या सात पिढ्या उद्धरत होते. सर्व्हर बसला कंपनीचा, आणि शिव्या खायच्या नागपूरच्या पोरानं कोल्हापूरच्या पोराच्या. काका ते वाचून हळहळायचे. “यायले कोनी चहा पाजत नसन का हो?”

टोळीचा एक मालखाना असतो. बाण, ढाली, औषधं, जे मिळेल ते सगळ्यांनी त्यात टाकायचं. स्टोअरकीपर घरातच असल्यामुळे त्याची किल्ली काकांकडे. गेममध्ये प्रथमच त्यांना मान मिळाला आणि त्यांनी तो मनावर घेतला. ऐन लढाईत मी बाण मागितले की विचारायचे, “कोन्त्या कामासाठी?”

एका रविवारी आम्ही किल्ल्यावर चढाई केली. महिनाभर साठवलं होतं ते सगळं मालखान्यात. दरवाजा फुटणार, तेवढ्यात सर्व्हर बसला. तासाभरानं उठला. पाहतो तर मालखाना रिकामा. सर्व्हरच्या गोंधळात माल गेला हे मला स्वच्छ दिसत होतं. पण तुफानचं डोकं फिरलं. सगळ्या मैदानाला दिसेल असं त्यानं लिहिलं, “म्हाताऱ्यानं माल खाल्ला. वानखडे चोर.” तीन-तीनदा लिहिलं.

कंपनीनं दिलगिरी व्यक्त केली आणि भरपाई म्हणून प्रत्येक खेळाडूला गेममध्ये घालायची एकेक लाल टोपी दिली. कंपनीनं टोपी घातली असं आपण नुसतं म्हणतो, आम्हाला ती खरोखर घातली.

तीस वर्षं कारखान्याचं स्टोअर सांभाळलेला माणूस, त्याला चोर म्हटलं. मला वाटलं, काका पेटून उठतील. ते शांतपणे टाइप करत होते, “तुफानभाऊ, गैरसमज झाला. बोलू या.” उत्तर नाही. पुन्हा टाइप केलं. उत्तर नाही.

“काका, त्यानं तुम्हाला ब्लॉक केलंय.”

“म्हंजे?”

“म्हणजे त्यानं एक बटण दाबलं. आता तुम्ही काहीही लिहा, त्याला दिसणार नाही.”

“कधीलोक?”

“कायमचं.”

काका पडद्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळून, अगदी लहान आवाजात म्हणाले, “असं बटन कायले केलं असन हो कोनी?”

आठवडाभर त्यांच्या खोलीतून स्टोव्हचा आवाज आला नाही. भात उतू गेल्याचा वास नाही, गुणगुणणं नाही. रविवारी सकाळी माझं दार वाजलं. काका इस्त्रीचा शर्ट घालून, हातात पेढ्यांचा पुडा घेऊन उभे. “चाल. घोटावड्याले जाऊ.”

मी त्यांना परोपरीनं सांगितलं. तो गेम आहे. तो माणूस अनोळखी आहे. गेममधल्या भांडणाला कुणी कुणाच्या घरी जात नाही, उद्या हे ऐकून लोक आपल्याला हसतील. काकांनी सगळं ऐकून घेतलं, स्कूटर एका बाजूला कलवली, किक मारली आणि म्हणाले, “पुडा नीट धर.”

शाळेच्या मागचं शेड शोधायला वेळ लागला नाही, वासानंच रस्ता दाखवला. शेडला लागून घर, ओट्यावर एक म्हातारी तांदूळ निवडत बसलेली. आणि दारात तुफान. तिशीचा, हा एवढा धिप्पाड गडी, हातात कोंबड्यांच्या खाद्याची बादली.

काकांनी हात जोडले. “नमस्कार. मी वानखडे. तुमच्या टोळीतला चोर.”

तुफानच्या हातातली बादली सुटली. तो लालबुंद झाला. शेवटी खाली बघत, पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत, इतक्या बारीक आवाजात बोलला की मला वाटलं मागं दुसरंच कुणी आहे. “या की. बसा.” मैदानात आम्हाला मेंढरं म्हणणारा तो हाच, यावर माझा विश्वास बसेना. त्याचं नाव गोविंद.

त्याच्या आईला गेमबिम काही कळलं नाही. तिला एवढंच कळलं की पोराकडे कुणीतरी आलंय. तिनं आमच्याकडे आळीपाळीनं पाहिलं आणि म्हणाली, “ह्यो कुनाशी बोलत न्हाई, कुटं जात न्हाई. कोंबड्या आन् ती मशीन. त्याच्या नावानं आमच्या दारात आल्यालं तुमीच पयले.” आणि चहा टाकायला आत गेली.

पेढे फुटले. गोविंदनं माफी मागितली, आमच्याकडे न बघता, कोंबड्यांकडे बघून. मग धीर करून विचारलं, “काका, एवढ्यासाठी आलात? गेममधल्या बाणांसाठी?”

“बान गेले चुलीत,” काका म्हणाले. “अबोला शिळा झाला की मंग तो निघत नाही भाऊ. मले मालूम हाय.”

आणि मग, अशा परक्या घराच्या ओट्यावर, काकांनी ते सांगितलं जे शेजारी राहून मला कधी कळलं नव्हतं. त्यांना एक थोरला भाऊ होता. दादा. आईबाप लवकर गेले, दादानंच वाढवलं. दादाच्या मुलीला काकांनी खांद्यावर खेळवलेलं. तिच्या लग्नात अंतरपाट धरायला म्हणून दादानं कुणा भलत्याच पाहुण्याला हाक मारली. गर्दीत चुकून झालं असेल. काकांना ते लागलं. पंगत बसायच्या आत पिशवी उचलून ते मांडवातून निघाले. दादानं पाहिलं, पण हाक मारली नाही. आता हा बोलवेल, मग मी जाईन. आता तो येईल, मग मी बोलेन. असं करता करता मुलीची मुलगी शाळेत जायला लागली.

म्हातारी चहाचे कप घेऊन दारात उभी राहून ऐकत होती. ती सरळच म्हणाली, “आमच्या गोविंदाच्या दारात याया तुमचा पाय निघाला, आन् सख्ख्या भावाच्या दारात न्हाई?”

मला ते बोलणं आवडलं नाही. कुणी इतकं तोंडावर बोलतं का? पण काका रागावले नाहीत. त्यांनी तिच्या हातातून कप घेतला.

“माय, इथं दार नसतं उघडलं तं मी वापस गेलो असतो,” ते म्हणाले. “तिथून वापस कुठं जाऊ?”

शेडमध्ये कोंबड्या फडफडत होत्या. मग तो बारीक आवाज आला.

“मी येतो तुमच्यासंग.”

गोविंद बोलला होता. आईनं त्याच्याकडे असं पाहिलं की जणू खुंटा बोलला. पौडच्या एसटी स्टँडपलीकडे हा गडी वर्षानुवर्षं गेला नव्हता.

“समजूत काढाया संगं मानूस लागतो,” तो जमिनीकडे बघत, माझ्याकडे बोट करून म्हणाला. “तुमी न्हाई का ह्यांना आणलं?”

पुढच्या आठवड्यात कंपनीनं गेम अनिश्चित काळासाठी बंद ठेवत असल्याचं जाहीर केलं. फोरमवर आग लागली असणार. मी पाहायला गेलो नाही, कारण मी रजेचा अर्ज भरत होतो. दसऱ्याच्या सुट्टीला जोडून आम्ही तिघं काकांच्या गावाला निघालो. गोविंदनं प्रवासभर खिडकी सोडली नाही. काकांनी प्रवासभर शेजाऱ्याला गाव विचारलं नाही, यावरून त्यांची अवस्था कळावी.

गावात पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. घर दिसल्यावर काकांची चाल मंदावली, मग थांबलीच. अंगणात खाटेवर एक म्हातारे गृहस्थ चाळणीला तार बांधत बसले होते. तीच नाकाची ठेवण, तेच कान. त्यांनी मान वर केली. चाळणी हातातच राहिली.

साऱ्या पिरंगुटाचे अबोले मोडणारे आमचे काका अंगणाच्या कडेला उभे होते आणि त्यांच्या तोंडून एक अक्षर निघत नव्हतं. दादा भावाकडे बघत होते. वाळलेला चेहरा, पिकलेले केस, सगळं बघत होते.

“जेवला काय रे?” शेवटी त्यांनी विचारलं.

काकांनी ओठ हलवले. आवाज आला नाही. गोविंदनं त्यांचा हात धरला. आणि त्याच्या त्या बारीक आवाजात, पण या वेळी समोर बघून, तो म्हणाला, “न्हाई. त्या लग्नापासनं जेवायचे ऱ्हायलेत.”

दादांनी चाळणी बाजूला ठेवली. धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले आणि घराकडे तोंड करून हाक दिली.

“चार पानं वाढा वं.”