गॅलरीतील काळ्या पडद्याच्या मोहिमेची हकीकत

श्रीगजानन पाठीशी असो आणि विजेचा दाब सम राहो. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरे, कार्तिक मासी वामनराव खांबेटे यांनी जी मोहीम आरंभिली, तिचे वर्तमान येणेप्रमाणे. सांगणार खुद्द वामनरावच, सबब शौर्याचा मजकूर वाचणाराने निम्मा धरावा.

राज्यात असामी दोनच, वामनराव आणि राज्ञी कुमुदिनीबाई. बाईंनी एका कचेरीत बावीस वर्षे टंकलेखनाची चाकरी केली, पैकी सहा वर्षे संगणकावर, आणि त्यांच्या बोटांचा वेग कचेरीत दुसऱ्या कोणास नव्हता. मग नवी यंत्रे आली, बाईंचे जुने कोपऱ्यात गेले, आणि साहेबांनी बाईंस पाकिटे चिकटवण्याच्या टेबलावर बसविले. बाई घरी येऊन थेट कणीक मळावयास बसल्या, आणि वामनराव पेपर वाचत होते, त्यांनी काय झाले ते विचारले नाही. पुढे पुष्कळ वर्षांनी वामनरावांची स्वारी रद्दी घालावयास अन्वरभाईंच्या भंगाराच्या दुकानी गेली, तो पंख्यांच्या ढिगाखाली एक जुना संगणक दिसला, आणि कीबोर्डावर बाईंच्या अक्षरात चिठ्ठी चिकटविलेली, "हळू दाबा". अन्वरभाई बोलिले, "काका, हे चालणार नाही. तांबं काढायला आणलंय." स्वारी गरजली, "चालवून दाखवतो!" आणि यंत्र मांडीवर घेऊन रिक्षात आरूढ झाली.

मग गॅलरीत चादरीआड छावणी पडली. बाई रागावल्या, "अहो, कसलं भंगार आणलंत? मी कपडे कुठे वाळत घालू?" स्वारीने "नाजूक राजकारण आहे" म्हणोन वेळ मारून नेली, आणि आतील पालीची अंडी उतरविली, धूळ झाडिली, जळका फ्यूज बदलिला, तारांना कथिलाचा डाग देताना अंगठा भाजून घेतला, आणि जोडून झाल्यावर दोन स्क्रू उरले ते खिशात दडविले. बटण दाबताच दिवा लागला, आत घरघर झाली, परंतु पडदा काळाच. मग पडद्याशी युद्ध जुंपले ते पाच आठवडे, त्यात यंत्र तीनदा खोलिले आणि एकदा सगळ्या जिन्याची वीज घालविली. शेवटी स्वारी हताश होऊन स्टुलावर बसली, तो बाई ओले कपडे घेऊन आल्या, वाऱ्याने चादर उडाली आणि बाई जागीच थबकल्या.

"अहो, हा माझा आहे. कुठे सापडला?"

"भंगारात. पण मेलाय गं तो. पाच आठवडे झगडतोय."

बाईंनी बादली ठेविली, पदरास हात पुसिले, आणि पडद्याखाली बोट घालून एक लहान चकती फिरविली. हिरवी अक्षरे लख्ख उजळली. बाई बोलिल्या, "डोळे दुखायचे माझे. उजेड कमी करून ठेवायचे मी." स्वारीचा चेहरा पाहण्याजोगा झाला. मग बाई स्टुलावर बसल्या, म्हणजे स्वारीस उठविले, आणि बोटे आधी अडखळली, मग अशी धावू लागली की गॅलरी दुमदुमली. पडद्यावर उमटले, "प्रति, श्री. वामनराव खांबेटे. विषय : चहा ठेवणेबाबत. महोदय, आले घालावे."

सारांश, फत्ते झाली, कोणाची ते उघड आहे, आणि स्वारी हुकुमाबरहुकूम स्वयंपाकघराकडे कूच करती झाली. सदरहू मजकूर वामनरावांनी सांगितला, कुमुदिनीबाईंनी टंकिला, आणि शौर्याचा उरला निम्माही त्यांनीच गाळला.