खळ दिलेली दुपटी

रोहिणीनं दोरीवरचं दुपटं ओढलं, तर ते दुमडलंच नाही. जसं वाळत घातलं होतं तसंच, मधोमध वाकलेलं, पत्र्यासारखं हातात आलं. तिनं ते ओट्यावर ठेवलं आणि ते उभं राहिलं. दुसरं ओढलं, तेही उभं राहिलं. शेळगावच्या बायकांनी दिवाळीपासून बाळांसाठी विणलेली सगळी दुपटी थोड्या वेळात ओट्यावर ओळीनं उभी होती, आणि त्यांच्यापुढं रोहिणी मटकन खाली बसली होती.

"आत्याबाई, काय केलंत ह्यास्नी?"

सासूबाई, म्हाळसाबाई, पदराला हात पुशीत चुलीपुढून आल्या. चेहऱ्यावर बक्षीस मिळाल्यासारखं हसू.

"खळ दिली. काल तू छकुलीला डोस पाजाया गेलीस, तवा चिंचुकं भरडलं, शिजवलं, आन् कुंच्यानं सारवलं. पाठ मोडली माझी. तुला मुद्दाम बोलले न्हाय."

"तान्ह्या बाळांची हायती ती."

"मंग? मेंढरं राखलेलं घर आपलं, खळ द्यावी ती माझ्या सासऱ्यानं. खळीबिगर लोकरीचं पांघरूण उंबऱ्याभाईर गेलं, तर लोक तोंडात शेण घालतील. घोंगड्याला खळ न्हाय तर त्याला घोंगडं कोण म्हणंल?"

गेल्या पौषात आठव्या महिन्यातच जन्मलेली रोहिणीची छकुली बारामतीच्या दवाखान्यात होती. तिथं बाळं जास्त आणि पांघरुणं कमी. एका दुपट्यात दोघी निजायच्या. शेजारची, अजून नावही न ठेवलेली, एका सकाळी गार पडली. तिची आई निघाली, तेव्हा तिनं ते दुपटं छकुलीच्या अंगावर सारखं केलं, कडा खोचल्या आणि मागं न बघता गेली. तेव्हापासून रोहिणीच्या बोटांना विणण्यावाचून दुसरं काही सुचत नव्हतं. आज दुपारच्या एसटीनं दुपटी पोचवते, असं तिनं तिथल्या सिस्टरना कबूल केलं होतं. आणि थंडी तर कालपासून नुसती झोंबत होती.

गावाला विणायला शिकवणाऱ्या अंगणवाडीच्या तेजश्रीबाई निरोप मिळताच आल्या. त्यांनी एक दुपटं बोटानं वाजवून पाहिलं. टकटक झालं.

"कढत पाण्यात घालू," त्या म्हणाल्या. "खळ सुटेल."

खळ सुटली. लोकरही आटली. काठीनं बाहेर काढलेलं दुपटं रोहिणीच्या नवऱ्यानं, सिद्धूनं, हाताला गुंडाळलं तर हातमोज्यासारखं मनगटापर्यंतच पुरलं.

"दुसऱ्या हाताचं बी करा," तो म्हणाला. कुणीच हसलं नाही, तेव्हा तो गुपचूप म्हशीची धार काढायला गेला. धार सकाळीच काढून झाली होती.

"पाण्यानं न्हाय जमायचं," म्हाळसाबाई म्हणाल्या. "घोंगडं अंगाखाली घेतल्याबिगर मऊ पडत न्हाय. माझं पडाया साल गेलं."

"एसटी दुपारची हाय, आत्याबाई."

"मग मान्सं वाढव."

म्हणून सिद्धूनं दुपटी पारावर नेली. म्हाताऱ्यांनी ती चुरगाळली, पिळली, मांडीखाली घेतली. गेणबाआबा तर बसले ते उठेचनात. "ऊब चांगली हाय," म्हणाले. शेवटी त्यांच्या सुनेला बोलवून आणावं लागलं. एका दुपट्याचा कोपरा शेळीनं चाखला. तिला चिंचोका आवडला असावा.

उरलेली कडक दुपटी घेऊन सासू-सून एसटीत चढल्या. बाकावर उभी दुपटी बघून कंडक्टर थबकला.

"बाई, हे सामान का प्रवासी?"

"तान्ही हायती," म्हाळसाबाई म्हणाल्या. "तिकीट लागत न्हाय. हे घे, चोळ."

कंडक्टर चोळू लागला. मग त्याच्यापुढचा माणूस, मग खिडकीतल्या बायका. म्हाळसाबाईंनी जात्यावरचा सूर लावला:

"खळ मोडते हातानं, थंडी मोडावी कशानं,
तान्ह्या जिवाला गं बाई, वेढा घालावा उबेनं."

रोहिणीनं तोंड खिडकीकडं फिरवलं. बारामती आली तेव्हा दुपटी सायीसारखी मऊ झाली होती.

सिस्टरनी एक गालाला लावलं. "किती मऊ हो." मग हुंगलं. "तंबाखू कोण खातं तुमच्यात?"

"सगळं गाव," रोहिणी हताशपणे म्हणाली.

"मग आधी धोब्याकडं जातील. नियमच आहे. उद्या घालू बाळांना."

रोहिणीची नजर सिस्टरच्या टोपीकडं गेली. टोपीच्या कडा सुरीसारख्या होत्या.

"सिस्टर, तुमचा धोबी खळ घालतो?"

"घालतो म्हणजे? वादळात वाकायची नाही ही."

"दुपट्यास्नी नको म्हणावं. आन् पाणी गारच. पाया पडते."

"सांगते हो, घाबरू नका."

दुसऱ्या दिवशी दोघी पुन्हा आल्या, तेव्हा दुपटी व्हरांड्यात भिंतीला टेकून उभी होती. स्वच्छ, पांढरी, फरशीसारखी.

"गार पाण्याचं तेवढं ऐकलं त्यानं," सिस्टर खाली बघत म्हणाल्या. "पण दानाची आहेत म्हटल्यावर जरा जास्तच मन लावलं."

रोहिणी पायरीवर बसली. आत एक बाळ रडत होतं, मांजराच्या पिल्लासारखं, बारीक. रडायचीही ताकद नसल्यासारखं मध्येच थांबत होतं. तिनं सगळ्यात जवळचं दुपटं ओढलं, मांडीवर घेतलं आणि चोळू लागली. डोळ्यांतलं पाणी दुपट्यावर पडत होतं, तेवढीच खळ भिजत होती.

व्हरांड्यात बाळांची माणसं बसून होती. कुणाचा बाप, कुणाचा आजा. आत जायची परवानगी नाही, बाहेर करायला काही नाही. भिंतीकडं बघून बघून त्यांचे डोळे विझले होते. एक फेटेवाला म्हातारा उठला आणि त्यानं न विचारता एक दुपटं उचललं. मग त्याच्या शेजारचा. नुसती खळ तुटल्याची कुरकुर व्हरांडाभर चालली होती.

म्हाताऱ्याचं दुपटं पहिलं मऊ झालं. त्यानं ते सिस्टरच्या हातात दिलं. "आमच्याच बाळाला पायजे असं न्हाय," तो म्हणाला. "जे जास्त गार हाय त्याला घाला."

सिस्टर आत गेल्या. थोड्या वेळानं ते बारीक रडणं थांबलं. रोहिणीचे हात जागच्या जागी थिजले. ती दाराकडं बघत राहिली. सिस्टर दारात आल्या, एका बाजूला मान कलती करून गालाखाली हात ठेवून दाखवला. निजलं.

रोहिणीनं तोंडात पदर कोंबला.

म्हाळसाबाईंनी मात्र हातातल्या दुपट्यावर नख मारून पाहिलं, कानाशी नेऊन वाजवलं आणि सिस्टरना जवळ बोलावलं.

"बाई, त्या धोब्याची गाठ घालून द्या. येवढी कडक खळ आमच्या सासऱ्याला बी जमली न्हवती."