थंड लोखंड आणि सर लॅकलन यांची रोजनिशी

थोर लेखकाने विशीत लिहिलेली रोजनिशी ही राष्ट्राची ठेव असते. सर लॅकलन ओर्ड यांनी ती शेगडी पेटवायला बाजूला काढली होती, पण त्या दिवशी काड्यापेटी सापडली नाही आणि राष्ट्राचे नुकसान टळले.

पुढे ज्यांच्या कादंबऱ्या शाळाशाळांतून सक्तीने लावल्या गेल्या, ते सर लॅकलन तरुणपणी स्कॉटलंडमधल्या आमच्या इनव्हरकेल बंदरातून ‘पेशन्स’ नावाच्या देवमाशांच्या शिकारीच्या जहाजावर कारकून म्हणून उत्तरेच्या बर्फात गेले होते. ही रोजनिशी त्या सफरीची. तिला टिपा मी लिहिल्या आहेत. (रोजनिशी एका हातात मावते. टिपांना हातगाडी लागते.) माझ्या अभ्यासानुसार मजकुराची विभागणी अशी: जेवण साठ टक्के, ओकाऱ्या वीस टक्के, कप्तानाला अक्कल नसल्याचे पुरावे एकोणीस टक्के. उरलेल्या एका टक्क्यात देवमासा आहे. तो दिसला तेव्हा सर लॅकलन जेवत होते.

तरीही ही वही आमच्या संग्रहालयात राहणे अत्यावश्यक होते. संग्रहालयात तोवर पाहण्यासारखे म्हणजे भुसा भरलेला एक समुद्रपक्षी आणि ‘पेशन्स’वरचा देवमासा मारायचा भाला, एवढेच होते. पक्ष्याचा भुसा गळू लागल्यावर नगरपालिकेने कळवले की काही नवे आणा, नाहीतर इमारत धुलाईकेंद्राला देतो. संग्रहालय बंद म्हणजे त्याचा मानद चिटणीस, अर्थात मी, गुरुवारी दुपारी घरी. (या शक्यतेविरुद्ध माझ्या पत्नीने नगरपालिकेकडे स्वतंत्र अर्ज केला होता.)

वहीची मालकी सर लॅकलन यांच्या भावाची नात, एडिनबराच्या मिस युफीमिया ओर्ड यांच्याकडे होती. त्यांनी अट घातली: गावात जाहीर वाचन व्हावे. गावकऱ्यांची श्रद्धा दिसली तर वही इथेच राहील, नाहीतर विद्यापीठात जाईल. पानही त्यांनीच निवडले. बर्फात जहाज अडकल्याच्या रात्रीचे. अख्ख्या वहीत तेवढ्याच पानावर भावना आहेत.

अडचण भावनांची नव्हती. आमचे मच्छीमार एका प्राण्याचे नाव घेत नाहीत. तो चिखलात लोळतो, शेपटी मुरडलेली असते आणि न्याहारीला अंड्यांबरोबर येतो. नाव निघालेच तर ताबडतोब लोखंडाला हात लावून ‘थंड लोखंड’ म्हणायचे, नाहीतर बोटीचे बरे होत नाही. माझा अर्थात यावर विश्वास नाही. मी अ‍ॅबर्डीनचा पदवीधर आहे, आणि तो शब्द मी उच्चारत नाही तो निव्वळ सौजन्यापोटी.

त्या रात्री सर लॅकलन उबेसाठी जहाजावरच्या अशाच एका प्राण्याला मिठी मारून झोपले होते. कृतज्ञतेने त्यांनी प्रत्येक वाक्यात त्याचे नाव घेतले आहे.

संग्रहालयाच्या अध्यक्षा इसामावशी फ्लेट यांना मी हे पान वाचनाच्या दिवशी सकाळी दाखवले.

“मास्तर, उद्या पहाटे माझी दोन्ही पोरं बोटीवर जातायत,” त्या म्हणाल्या. “तुझ्या तोंडून हे निघालं तर टिपांसकट धक्क्यावरून ढकलीन तुला.”

“मावशी, थोर साहित्यात फेरफार करता येत नाही.”

“पोहता येतं का?”

मी त्या शब्दाच्या जागी ‘सोबती’ घातला.

वाचनाला संग्रहालयाचे सभागृह भरले होते. मी खाकरून सुरुवात केली. “त्या गारठ्यात मला सोबत्याची आठवण झाली. मी त्याला बिलगलो. त्याचा तो गुबगुबीत, ऊबदार देह...”

“सोबती म्हणजे कोण रे, मास्तर?” मागून डॉड स्लेटर या बोटीच्या तांडेलाने विचारले. “आचारी का?”

“टिपेत खुलासा आहे.”

“टिपा कोण वाचतंय? तूच सांग.”

मी पुढे वाचले. “त्याने माझ्या कानाशी समाधानाने घुरघुर केली.”

“आचारीच,” डॉड शेजाऱ्याला म्हणाला. “आचारी घोरतात.”

मिस ओर्ड उभ्या राहिल्या. “आजोबांच्या भावाचं तेव्हा लग्न ठरलेलं होतं,” त्या म्हणाल्या. “पानावर जे लिहिलंय तेच वाचा. नाहीतर वही मी आजच्याच गाडीने परत नेते.”

मी इसामावशींकडे पाहिले. त्या खिडकीतून धक्क्यावरच्या बोटीकडे बघत होत्या.

मी तो शब्द वाचला.

सगळ्यांचे हात एकदम खुर्च्यांखाली गेले. खुर्च्या प्लास्टिकच्या होत्या. (लोखंडी खुर्च्या खाऱ्या हवेत गंजतात, असा सविस्तर अहवाल मीच दिला होता.) टेबल लाकडाचे, खिडक्या लाकडाच्या. मग डॉड उठला, माझ्या मागे भिंतीवरच्या भाल्याला हात लावून ‘थंड लोखंड’ असे पुटपुटला आणि जागेवर जाऊन बसला. त्याच्यामागे इसामावशी गेल्या. मग सगळे गाव रांगेत उभे राहिले. मी वाचत राहिलो, आणि शब्द दर वाक्यात असल्यामुळे पुढून परतणारे लोक मागून पुन्हा रांगेला लागत होते. पान संपल्यावर मीही लागलो. शिस्त म्हणून.

मिस ओर्ड यांच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. “त्यांच्या जहाजावरच्या भाल्यावर एवढी श्रद्धा,” त्या मला म्हणाल्या, “एडिनबरात त्यांच्या पुतळ्यावर फक्त पक्षी बसतात.” वही त्यांनी तिथल्या तिथे संग्रहालयाला देऊन टाकली.

दुसऱ्या दिवशी बोटी गेल्या आणि हॅडॉक मासे भरभरून घेऊन सुखरूप परतल्या. इसामावशींनी मला त्यातले चार पाठवले, सोबत निरोप: “वही पुन्हा उघडायची नाही.” ती काचेच्या कपाटात बंद आहे. आजवर ती कोणी वाचायला मागितलेली नाही. लोक येतात ते भाल्यासाठी. नवी बोट पाण्यात सोडण्यापूर्वी तर येतातच.

या मजकुरात तो शब्द मी कुठेही लिहिलेला नाही. तुम्ही मनात किती वेळा म्हणालात, ते तुमचे तुम्हाला माहीत. गुरुवारी दुपारी या, हात लावायला तिकीट नाही. भाल्याखाली बारीक अक्षरांत एक पाटी आहे, तीही मीच लिहिली आहे. मूळ भाला त्या वाचनाच्या आधीच गंज काढायला अ‍ॅबर्डीनला पाठवला होता, तो परत आलाच नाही. हा फायबरचा आहे.