सरकत्या नळीचा पहारेकरी

शनिवारी सकाळी दहा वाजता सिंगापुरात, टॅम्पिनीसच्या एका इमारतीच्या नवव्या मजल्यावर सासरे आणि जावई डायनिंग टेबलाच्या दोन टोकांना बसले होते. मधे बंदूक आडवी पडली होती.

बंदूक नाटकातली. दस्ता लाकडाचा आणि नळी म्हणजे टॉवेल वाळत घालायचा क्रोमचा पाइप. खरी वाटू नये म्हणून दिग्दर्शिका क्षिप्राने दस्ता पोपटी रंगवून घेतला होता. नाटक पाचला, तोआ पायोहच्या हॉलमध्ये. स्मिताचे वडील पद्माकर, म्हणजे आबा, त्यात पहारेकरी होते आणि जावई प्रबोध शत्रूचा हेर. कालच्या तालमीत आबा खांद्यावर बंदूक घेऊन किल्ल्याच्या दारातून आत आले, नळी चौकटीत अडकली आणि अख्खा किल्ला क्षिप्राच्या अंगावर पडला. पुठ्ठ्याखालूनच ती ओरडली, "सहा इंच कमी करा, नाहीतर बंदूकच नको!"

"कापू या," प्रबोध म्हणाला. "पाच मिनिटांचं काम."

"क्रोमची नळी कापायची नसते, प्रबोधराव. बदलायची."

"का पण?"

"करवत लागली की तोंडाशी क्रोमचे टवके उडतात. गोळीला नळीचा शेवटचा स्पर्श होतो तो तोंडाशी. तिथे केसाएवढं वाकडं झालं तरी गोळी भलतीकडे."

"आबा, हिच्यातून गोळी जाणार नाहीये!"

"पण तोंड तर दिसणार आहे ना?"

"आणि खऱ्या बंदुकीत क्रोम आतून असतो म्हणालात. हा तर बाहेरून आहे."

"ती या पाइपची चूक. म्हणून आपण दुसरी करायची?"

प्रबोध आयटीत मॅनेजर. त्याने लॅपटॉप उघडून दोन रकाने आखले, 'कापणे' आणि 'बदलणे', आणि तिसऱ्यात धोके लिहू लागला. स्वयंपाकघरातून स्मिता म्हणाली, "अरे, मीटिंग संपली की कळवा. तोवर पडदा पडलेला असेल."

अकराला आबा आंघोळीला गेले. प्रबोधने बाल्कनीत बंदूक गुडघ्यात धरली आणि करवत लावली. करवत क्रोमवरून सुळकन घसरली. दुसऱ्यांदा घसरली. तिसऱ्यांदा चावली, ती तिरकी. आबा पंचा गुंडाळून बाहेर आले, तेव्हा नळीचं तोंड पान खाऊन हसणाऱ्या माणसासारखं एका बाजूला ओघळलं होतं आणि कडेचा क्रोम जुन्या भिंतीच्या चुन्यासारखा सुटला होता.

आबा रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते खाली बसले आणि त्या तोंडावरून अंगठा फिरवत राहिले.

"चौतीस वर्षं बंदुकांच्या फॅक्टरीत नळ्याच बघितल्या," ते हळूच म्हणाले. "डोळा लावला की आत दूरवर उजेड. विहिरीच्या तळाशी चांदणं पडावं तसा. नळी झाली की ती पुढच्या विभागाला. पुरी बंदूक हातात घेतलेलं मला घरच्या कुणी कधी पाहिलं नाही. ही गार्गी तर समजते, आजोबा पाइप विकायचे."

नऊ वर्षांची गार्गी सोफ्यावरून तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "You said पाइप what!"

"म्हणून म्हटलं, आज तिनं बघावं. उद्या मी भारतात परत निघालोच."

प्रबोधने पायात चपला सरकवल्या आणि तो निघाला. खालच्या हार्डवेअरच्या दुकानात नुसते पांढरे प्लॅस्टिकचे पाइप. पुढच्या दुकानात क्रोमचा होता, पण आठ फुटी. "Cut can, no problem," दुकानदार म्हणाला. प्रबोध दचकून "No cut! No cut!" करत बाहेर पडला. शेवटी सेरंगूनच्या मॉलमध्ये त्याला शॉवरच्या पडद्याचा दांडा सापडला. नळीत नळी, आत स्प्रिंग, टोकाला रबर. लांबी हवी तेवढी. घामाने निथळत तो घरी पोचला तेव्हा तीन वाजले होते.

"सरकती नळी?" आबांनी ती उलटसुलट केली. "ही बंदूक आहे की दुर्बीण?"

"आजोबा, like selfie stick!" गार्गी खूश.

आबांनी जावयाच्या भिजलेल्या शर्टाकडे पाहिलं आणि नळी दस्त्यात बसवली. दाराच्या मापाला स्प्रिंग दाबून प्रबोधने सेलोटेप गुंडाळली. योगा मॅटच्या पिशवीत घालून बंदूक टॅक्सीत बसली.

या वेळी क्षिप्राने किल्ल्याची चौकट स्टेजला खिळे ठोकून पक्की केली होती. पडदा उघडला. खांद्यावर बंदूक घेऊन आबा दारातून आले आणि नळी चौकटीला शिवलीसुद्धा नाही. विंगेत प्रबोधने सुटकेचा निःश्वास टाकला. आता हेराने नकाशा चोरायचा, पहारेकऱ्याने दारात बंदूक आडवी धरून "थांब! कोण आहे?" म्हणायचं, हेराने ती बाजूला ढकलून पळायचं आणि पुढे तीन अंक त्याचा शोध.

नकाशा चोरून हेर दाराशी आला.

"थांब!" आबा गरजले. फॅक्टरीतल्या यंत्रांच्या वर चढवलेला आवाज होता तो. त्या धक्क्याने टेप सुटली, नळी सणकन लांबली आणि चौकटीच्या दोन खांबांत गच्च बसली. दस्ता या खांबाला, रबर त्या खांबाला. रबर आणि खांब यांच्यामधे हेराचा शेला.

प्रबोधने बंदूक ढकलली. हलेना. खालून वाकून पाहिलं, शेला ओढून धरी. कमरेची गाठ स्मिताने मारलेली, ती काही सुटण्यातली नव्हती.

"आबा, सोडा," तो पुटपुटला.

"कोण आहे?" आबांनी आपलं वाक्य पुरं केलं.

"आबा, मी! प्रबोध!"

शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांनी ऐकलं. हॉल खदखदून हसत होता आणि गार्गी खुर्चीवर उभी राहून शेजारच्या अनोळखी काकूंना सांगत होती, "That one my आजोबा! गन त्यांनी बनवली! He caught him lah!"

आबांनी ते ऐकलं. त्यांची छाती पोपटी दस्त्याच्याही पुढे आली. त्यांनी हेराच्या हातातून नकाशा शांतपणे काढून घेतला आणि त्याची नीट घडी केली. त्यापुढे नाटकात घडण्यासारखं काही उरलंच नाही. क्षिप्राने पडदा पाडला. तीन अंक सात मिनिटांत आटोपले आणि प्रेक्षक टाळ्या वाजवत बटाटेवड्यांकडे वळले.

पडद्याआड क्षिप्रा कपाळाला हात लावून उभी होती. "आबा, अहो, हेर निसटायचा होता!"

"निसटायचा?" आबांना खरोखरच कळेना. "माझ्या पहाऱ्यातून?"