पाण्यातून दिसणारे चेहरे

या, असे पुढे सरकून बसा. मागे बसलेल्याच्या कानावर नुसता आवाज पडतो, गोष्ट पुढच्यांनाच मिळते. आज अशा एका माणसाची गोष्ट सांगायची आहे, जो धडधडीत जिवंत असताना, स्वतःच्या घरात, स्वतःच्या सतरंजीवर पडल्या पडल्या सगळ्या गल्लीच्या रडण्याचा धनी झाला. आणि तेही एका पुण्यकर्मापायी. मन तेवढं इथे असू द्या.

तर त्या सकाळी काकूंनी टेबलावरचं चित्र उचललं, लांब धरलं, जवळ धरलं आणि विचारलं, "अहो, हा बुडतोय की आंघोळ करतोय?"

"बुडतोय," हसरेकाका म्हणाले.

"मग एवढा खूश कशानं?"

चित्रातला माणूस गळ्यापर्यंत पाण्यात होता, डोक्यावरून घराचं छप्पर वाहत चाललं होतं, आणि तो मात्र सगळे दात दाखवून हसत होता. मागच्या झाडावर अडकलेली म्हातारी हसत होती. बारकाईने पाहिलं तर वाहून जाणारी म्हैससुद्धा प्रसन्न होती.

दोष काकांचा नव्हता, हाताचा होता. उभा जन्म त्यांनी साबणाच्या कारखान्यात वेष्टणांवरची चित्रं काढली. मालक प्रत्येक चित्र पाहून एकच विचारायचे, "दात कुठायत?" त्यामुळे आई हसरी, बाळ हसरं, कपडे धुण्याच्या साबणावरचा हत्तीसुद्धा हसरा. काका निवृत्त झाले, हात काही झाला नाही. पेन्सिल ओठापाशी आली की तिचं टोक आपोआप वर वळायचं. 'हसरेकाका' हे नाव त्यावरूनच पडलेलं.

आता काढायची होती पुराची गोष्ट. नदीकाठचं एक गाव पाण्यात गेलं होतं, आणि ते गाव काकांचं होतं. तिथेच ते वाढले. थोरली बहीण अक्का अजून तिथे राहत होती. तिचं घर गाळाने भरलं होतं आणि साऱ्या गावासोबत ती टेकडीवरच्या शाळेत आसऱ्याला होती. थंडी तोंडावर आलेली. काका लहान असताना अक्का चुलीतला कोळसा घेऊन भिंतीवर नाव काढायची, आणि काका त्या नावेत माणसं बसवायचे. आई ओरडली की दोघांपैकी अक्काच पुढे व्हायची, "मीच काढलं सगळं." ती भिंत आता उरली नव्हती.

तो काळ चित्रकथांचा होता. दुकानाच्या पायरीवर एक पोर पुस्तक धरून बसायचं आणि बाकीची त्याच्या मानेवर श्वास टाकत वाचायची. तेव्हा पुराचीच एक चित्रकथा काढावी आणि विकून ताडपत्र्या, कांबळी पाठवावीत, असं काकांच्या मनात आलं. गल्लीजवळच्या शाळेतल्या बाईंनी गोष्ट लिहून दिली. छापखानेवाले काकांचे जुने स्नेही. त्यांनी फुकट छापायचं कबूल केलं. अट एकच, आणि तीच सांगायला ते त्या सकाळी घरी आले होते.

"उद्या दुपारपर्यंत चित्रं दे," ते म्हणाले. "परवापासून माझ्या यंत्रावर परीक्षेचे पेपर चढतात. मग तुझ्या पुराला पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबावं लागेल."

"चित्रं झालीत रे. फक्त माणसं रडत नाहीयेत."

"मग रडणारं कुणीतरी समोर बसव."

काका आशेने काकूंकडे वळले. काकू म्हणाल्या, "तुमच्या संसारात रडायला कारणं पुष्कळ मिळाली, पण हुकमावर नाही येत मला." तरी बिचाऱ्या कांदे घेऊन बसल्या. पाणी आलं, पण चेहरा दुःखाचा होईना. डोळ्यांत साबण गेल्यासारखा झाला. काकांचा हात लगेच ओळखीच्या वाटेने निघाला.

"मी बसतो," छापखानेवाले म्हणाले. हा माणूस हळवा. लग्नपत्रिका छापतानासुद्धा मुलीच्या बापाचं नाव जुळवताना त्यांना भरून यायचं. "मला फक्त माझ्या वडलांच्या जुन्या यंत्राचा विषय काढून दे. भंगारात विकलं मी ते."

विषय काढायचीही गरज पडली नाही. 'यंत्र' म्हणताच त्यांनी टेबलावर डोकं टेकलं आणि हंबरडा फोडला.

काकांनी पेन्सिल उचलली, मग थबकले. "असं नाही जमायचं. गोष्टीतला माणूस पाण्यात आहे. छपरावरचे लोक वाकून त्याच्याकडे बघतायत. त्याला ते खालून दिसणार!" लगेच सतरंजीवर उताणे पडले आणि कागद छातीवर घेतला. फरशी गार होती; काकूंनी मायेने वरून पांढरी चादर घातली.

नेमके त्याच वेळी शेजारचे शिंपी खिडकीवरून चालले होते. त्यांनी काय पाहिलं? जमिनीवर पांढरी चादर, चादरीबाहेर दोन पाय, टेबलावर धाय मोकलून रडणारा जिवलग मित्र आणि लाल डोळ्यांच्या वहिनी. सज्जन माणूस. चौकशी करायलाही थांबले नाहीत. दुकान बंद केलं, गल्लीत सांगितलं, साबणाच्या कारखान्यात सांगितलं, आणि पूरग्रस्तांकडे निघालेला मदतीचा ट्रक चौकात उभा होता, त्याच्या ड्रायव्हरलाही निरोप दिला, "शाळेत अक्का आहेत. त्यांना सांगा, भाऊ गेला. जरा सांभाळून सांगा."

बघता बघता घर भरलं. काकू दारात आडव्या आल्या. "अहो, काही झालेलं नाही! ते जिवंत आहेत!"

शिंप्यांनी हात जोडले. "वहिनी, आम्हा सगळ्यांच्याच मनात ते जिवंत आहेत."

"तसं नाही हो! ते आत पडून चित्र काढतायत!"

"बसवा रे त्यांना," मागून कुणीतरी हळू म्हणालं. "पाणी द्या. धक्का बसलाय."

काका उठून बसणारच होते. पण डोळे किलकिले केले आणि तसेच पडून राहिले. वर गोलाकार चेहरेच चेहरे! झुकलेले, सुरकुतलेले, ओठ थरथरणारे, एकाचाही दात दिसत नव्हता. जन्मभर शोधून मिळाले नसते असे चेहरे देवाने घरपोच धाडले होते. काकूंची नजर काकांच्या नजरेला भिडली. काकांनी डोळ्यांनीच विनवलं, थोडं थांब. आणि चादरीखाली पेन्सिल चालू झाली.

"देवमाणूस होता," कारखान्यातला फोरमन नाक पुसत म्हणाला. "कधी कुणाला दुखवलं नाही."

"माझी छत्री तेवढी राहिली त्यांच्याकडे," शिंपी म्हणाले. "पण आता कुठल्या तोंडानं मागू?"

"दाराच्या मागे आहे, घेऊन जा," चादरीतून आवाज आला.

शिंपी किंचाळले, फोरमन भिंतीवर आदळला, आणि काका चादर फेकून उठून बसले. दुःख जाऊन सगळ्यांच्या तोंडावर संताप आला. "लाज नाही वाटत? कामं टाकून आलो आम्ही! अर्धा दिवस बुडाला!"

"थांबा, थांबा! हा रागही हवाय मला!" काका ओरडले. "पान सहा, होडीसाठी भांडणारे लोक! फोरमनसाहेब, बोट तसंच ठेवा!"

लोक चिडून निघाले, पण दारापाशी जाऊन परत आले. मी चित्रात कसा आलोय, हे बघितल्याशिवाय कुणाचाच पाय निघेना. "माझं नाक एवढं आहे?" म्हणत शिंपी खाली बसले. कुणीतरी चहा टाकला. संध्याकाळपर्यंत सगळी गल्ली त्या पुरात वाहून गेली आणि एकच पान उरलं, शेवटचं. बाईंनी लिहिलं होतं: शहरातली माणसं मदत घेऊन येतात, पूरग्रस्त बाई हात पुढे करते.

ट्रकचा निरोप मात्र गडबडीत सगळेच विसरले. शिंपीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका शेवटचं पान घेऊन बसले होते, हातात चहाचा कप. दार लोटून अक्का आत आली. पायांवर अजून गाळ, लुगडं भिजून वाळलेलं, काखेत गाठोडं. तिने टेबलाकडे पाहिलंच नाही. सरळ काकूंकडे गेली आणि त्यांना छातीशी धरलं.

"वन्सं, अहो, ऐका तरी..."

"काही बोलू नकोस. रडून घे."

"अक्का," काका म्हणाले.

अक्काने मान वळवली. भावाला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग म्हणाली, "मेल्या!"

"अगं, नाही मेलो."

"ते दिसतंय मला!" तिने भावाच्या पाठीत असा धपाटा घातला की चहा सांडला, आणि तोच हात पुढे त्याच्या डोक्यावरून फिरत राहिला. "सगळी वाट ड्रायव्हरला सांगत आले, लहानपणी कसा होतास ते. तो बिचारा गाडी थांबवून रडला रे."

काकूंनी तोवर गाठोडं उचललं होतं. "हे काय आणलंत, वन्सं?"

अक्का संकोचली. गाठ सोडली. आत एक नवं कांबळं होतं, मदतीत मिळालेलं, घडी न मोडलेलं. थोडं धान्य. अर्धी वापरलेली मेणबत्ती. पोराचा एक स्वेटर.

"शाळेत कळलं तसं ज्यानं त्यानं आणून दिलं. मी नको म्हणत होते. तर म्हणतात कसे, अक्का, आपली नुसती घरंच गेलीत, त्या बाईचं तर माणूस गेलं. तिच्यासाठी घेऊन जा."

छापखानेवाले चित्रं न्यायला आले होते, ते दारातच उभे राहिले. आणि नवल म्हणजे, या वेळी त्यांना रडू आलं नाही. गुपचूप चपला काढून ते आत येऊन बसले.

काकांनी बाईंचा कागद बाजूला सारला. शेवटचं पान त्यांनी उलटं काढलं. हात पुढे केलेले शहरातल्या माणसाचे, आणि गाठोडं देणारी, पायांना गाळ लागलेली बाई. गोष्ट लिहिणाऱ्या शाळेतल्या बाईंनी ते पाहिलं आणि आपली ओळ मुकाट्याने खोडली. दुसरी लिहिली नाही. ते पान तसंच, शब्दांवाचून छापलं.

पुस्तक खपलं. गल्लीने तर आपापली तोंडं बघायला घेतलं, आणि पुन्हा पाहुण्यांना दाखवायला घेतलं. ताडपत्र्या गेल्या, कांबळी गेली. अक्का आली त्याच दुपारच्या ट्रकने परतली होती. गाठोडं तिने काही केल्या परत नेलं नाही. "दिलेलं माघारी नेलं तर त्यांना काय सांगू? तू जिवंत आहेस, म्हणून त्यांचं देणं खोटं ठरवू?"

आता ते पुस्तक कुठे मिळत नाही. कागद पिवळा पडून विरून गेला असेल. काका गेले, काकू गेल्या. तुम्ही गोष्ट ऐकून हसलात, बरं वाटलं. पण आज दिवा लावून हात जोडाल, आपल्या माणसांची नावं घ्याल, तेव्हा घर गाळात सोडून दुसऱ्याच्या घरी कांबळं घेऊन निघालेली ती अक्काही मनात आणा. तिच्यासाठीही एकदा हात जोडा.