चौथ्या खड्ड्यातलं सारवण

शेवंतामाय ज्या बाईशी रोज भांडायची, ती बाई मरून तीनेक हजार वर्षं झाली होती.

भांडण तसं साधंच होतं, दोन शेजारणींचं असतं तसं. चूल कुठे मांडली, दाणे का सांडले, सारवताना कोपरे का सोडले. फरक एवढाच की एक शेजारीण खड्ड्याच्या काठावर उभी असायची आणि दुसरीचं फक्त घर उरलं होतं. घर म्हणजे तरी काय, एक सारवलेली भुई, एक चूल आणि खांब रोवल्याच्या आठ-दहा काळ्या खुणा.

मी अमरावतीला एम.ए. करते, प्राचीन इतिहासात. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे मी नेमकं काय शिकते हे घरी कुणालाच धड सांगता येत नाही. कुणी विचारलं तर आई म्हणते, "मातीचं काहीतरी हाये." गेल्या हिवाळ्यात आमच्या विभागाने पूर्णेच्या काठावर, टाकळी नावाच्या गावाजवळ उत्खनन काढलं. चारी बाजूंना कपाशीची काळी रानं आणि मधे पांढऱ्या मातीचं एक टेकाड. गावातले लोक पिढ्यान्‌पिढ्या तिथून भिंती पोतारायला माती नेत आले. त्या मातीखाली एक गाव निघालं. शेती करणाऱ्या, पण लोखंड अजून न पाहिलेल्या माणसांचं.

सरांनी मला चौथा खड्डा दिला आणि चौथ्या दिवशी त्यात ती भुई लागली. अख्खी, कुठेही न फुटलेली. सरांनी काठाकाठानं खड्ड्याला दोन फेऱ्या मारल्या. मग म्हणाले, "हा तुझा प्रबंध. पुढच्या शुक्रवारी पुण्याहून मातीचे नमुने घ्यायला लोक येतील. तोपर्यंत या भुईला कुणाचा हात लागता कामा नये. जबाबदारी तुझी."

मी इतकी घाबरले की त्या खड्ड्याच्या काठावर बसून डबा खाणंही बंद केलं. म्हटलं, पोळीचा कण पडायचा आणि तीन हजार वर्षांपूर्वी इथे गव्हाची पोळी होती असं कुणीतरी छापायचं.

शेवंतामाय घमेल्यानं माती वाहायच्या कामावर होती. वय पासष्टच्या पुढे, काष्ट्याचं लुगडं, अंगानं काडी, आवाज मात्र नदीपलीकडे जाईल असा. त्या दिवशी ती माझ्या खड्ड्याशी आली, घमेलं खाली ठेवलं आणि आम्ही दार समजत होतो त्या जागेकडे कमरेवर हात देऊन बघत राहिली.

"मले काय करा लागते," ती म्हणाली, "पन ह्या बाईनं चूल दाराच्या तोंडात मांडली."

"कोणत्या बाईनं?"

"ह्या घरच्या. आनखी कोन्या?"

मी समजावलं की माय, हे घर तीन हजार वर्षांपूर्वीचं आहे.

"मंग काय झालं? तवा वारा नोयता का?"

सर मागून जात होते. ते थांबले. त्यांनी वाऱ्याची दिशा पाहिली, चुलीकडे पाहिलं, खांबांच्या खुणा मोजल्या आणि खिशातून नोंदवही काढून लिहिलं, 'दार बहुधा या बाजूला नसावं. पुन्हा तपासणे.' दुसऱ्या दिवशी दार दुसऱ्या बाजूला निघालं. मला धक्काच बसला. मी दोन वर्षं ग्रंथालयात बसून वाचलं होतं आणि त्या वहीत अजून माझं एकही वाक्य गेलं नव्हतं.

शेवंतामायला मात्र दार सापडल्याचं काही कौतुक वाटलं नाही. चूल दाराशी नव्हती म्हटल्यावर तिनं लगेच दुसरं काढलं. "मंग दाने काहून सांडले इतके?" चुलीजवळ जळून कोळसा झालेले वाटाण्या-मसुराचे दाणे होते. आमच्या दृष्टीनं ते सोनं. प्रत्येक दाणा चिमट्यानं उचलून आम्ही डबीत ठेवत होतो. ती काठावरून बघायची. "मले काय करा लागते, पन झाडलं असतं हिनं रोजच्या रोज, तं तुमच्यावर अशी वेळ आली नसती बाप्पा."

'मले काय करा लागते' हे ती प्रत्येक निकालाच्या आधी म्हणायची. ते ऐकलं की बाकीच्या बाया घमेली खाली ठेवून ऐकायला उभ्या राहत आणि काम थांबे. सर रागवत. मग तेच हळूच विचारत, "शेवंताबाई, हा गोल दगड कशाचा असेल हो?"

एकदा दुपारी ऊन तिरपं झालं आणि भुईवर सारवणाचे पुसट पट्टे दिसायला लागले, बोटांचे, एकाशेजारी एक. मी फोटो काढत होते. शेवंतामाय काठावर उकिडवी बसली. तिनं आधी उजवा हात हवेत फिरवून पाहिला. मान हलवली. मग डावा फिरवला.

"डावखुरी होती," ती म्हणाली. आणि पहिल्यांदाच थोडी नरमली. "तरी सासूनं हात बांधला नाई तिचा. बरी होती सासू."

त्या रात्री मी वहीत 'सारवणारी व्यक्ती डावखुरी?' असं लिहिलं आणि प्रश्नचिन्ह तीनदा गिरवलं.

एकदा तिच्या घरी गेले तेव्हा आणखी एक धक्का बसला. मुलानं पक्कं घर बांधून दिलंय, तो अकोल्याला असतो. घरात चकचकीत पांढऱ्या टाइल्स. आणि स्वयंपाकाच्या खोलीत, अर्ध्या टाइल्सवर, शेणाचं स्वच्छ सारवण.

"माय, टाइल्सवर?"

"उघडी दिसते ना भुई," ती म्हणाली, जणू लाज वाटावी अशीच ती गोष्ट होती. "पोराले नको सांगू. तो आला की मी धुऊन टाकतो."

चहा पिता पिता ती गावाबद्दल बोलली. पूर्वी दिवाळीच्या आधी सगळ्या बाया एकमेकींची सारवणं बघत फिरत, नावं ठेवत, भांडत. "आता समद्याइच्या घरी ह्या टाइल्सा. कोनाले काय म्हनू? कोनी येतच नाई माह्या घरी भांडाले."

मग आला गुरुवार. दुसऱ्या दिवशी नमुने घेणारे येणार म्हणून मी चुलीजवळचा कोपरा मऊ ब्रशनं शेवटचा साफ करत होते. तिथे भुईचा रंग बदलला. ताटाएवढा एक गोल, आजूबाजूपेक्षा जरा काळसर. सर खाली उतरले, गुडघ्यावर बसले आणि त्यांचा आवाज एकदम हळू झाला. भुई खणून पुन्हा बुजवल्याची ती खूण होती. त्यांनी सगळ्यांना सांगितलं की ही माणसं तान्ही मुलं गेली तर बाहेर नेत नसत. दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवत आणि घरातच, भुईखाली पुरत. बहुतेक इथे तेच आहे. "उद्या नमुने झाले की आपण इथे उतरू."

बायांनी घमेली खाली ठेवली. शेवंतामायनं एवढंच विचारलं, "मंग त्याले बाहेर काढसान?"

"मडकी उचलून अमरावतीला नेऊ. नीट पेटीत ठेवू," सर म्हणाले.

ती घमेलं उचलून निघून गेली. मला वाटलं, सुट्टीची वेळ झाली.

शुक्रवारी सकाळी सातला आम्ही टेकाडावर पोचलो. मी भुईवर झाकलेलं प्लास्टिक बाजूला केलं.

भुई सारवलेली होती. ओली, हिरवट, ताज्या शेणाच्या वासाची, कडेकडेनं पांढऱ्या मातीची रेघ ओढलेली. आयुष्यात इतकं देखणं सारवण मी पाहिलं नव्हतं आणि आयुष्यात कधी इतकी रडकुंडीला आले नव्हते.

"कोणी केलं हे?" सर ओरडले. पहारेकरी धावत आला.

"शेवंताबुढी आल्ती ना सर, झुंजुमुंजूले. म्हने साहेबाचे पाव्हने येनार हायेत पुन्याहून. मले वाटलं तुमीच सांगतलं." मग तो प्रामाणिकपणे म्हणाला, "पान्याची बादली मीच भरून देल्ली."

शेवंतामाय टेकाडाच्या उतारावर उभी होती. कोपरापर्यंत हात शेणानं भरलेले.

"अहो, ही तीन हजार वर्षांची भुई होती!" सर म्हणाले. त्यांचा आवाज फाटला. "काय केलंत तुम्ही?"

"पाव्हने येनार म्हन्ले ना तुमी. अशा भुईवर बसवता का पाव्हन्याले?"

सरांनी तिला घरी जायला सांगितलं आणि उद्यापासून येऊ नका म्हणाले. ती गेली. एकदाही मागे वळली नाही, 'मले काय करा लागते' म्हणाली नाही.

पुण्याच्या मॅडम दहाला आल्या. त्यांनी पाहिलं, श्वास सोडला आणि हळू समजावलं की शेणाचं पाणी वरच्या थरात मुरलंय. खालच्या थरांतून थोडं मिळेल, पण वरचा पृष्ठभाग अभ्यासाला गेला. म्हणजे माझ्या प्रबंधाचा अर्धा भाग गेला. मी मान डोलावली. थापीनं सारवण खरवडायला बसले, कारण दुसरं काय करायचं ते सुचेना.

बहुतेक ठिकाणी ते पापडासारखं सुटून आलं. पातळ, घाईघाईत एकदाच ओढलेलं. चुलीजवळच्या कोपऱ्यात मात्र थापी अडली. तिथे सारवण दोन बोटं जाड होतं. पांढरी माती आणि शेण, थरावर थर, प्रत्येक थर हातानं दाबून बसवलेला. तो गोल कुठेच दिसत नव्हता.

पाहुण्यांसाठी कुणी एका कोपऱ्यात एवढं जाड सारवत नाही, हे मलाही कळलं.

दुपारी मी तिच्या घरी गेले. ती उंबऱ्यावर बसली होती.

"तुह्या पुस्तकाचं नुसकान झालं म्हने," तिनंच सुरुवात केली.

"झालं, माय."

"लय झालं का?"

"अर्धं."

ती उठली, आतून पाण्याचा गडवा आणून माझ्यापुढे ठेवला. जरा वेळानं म्हणाली, "मंग ते अर्धं मी तुले सांगतो. इचार काय इचारायचं ते. तिच्या घरचं समदं मले ठाव हाये आता. कवा सारवे, कशानं सारवे, दाने कुठी ठेवे. समदं लिहून घे. पन तो कोपरा राहू दे वं."

संध्याकाळी मी सरांकडे गेले. मी सरांपुढे कधीच नीट बोलू शकलेली नाही, त्या दिवशी तर शब्द मागेपुढे झाले. सारवणाच्या जाडीचं सांगितलं. शेवटी कसंबसं म्हटलं, "सर, तो कोपरा उघडला नाही तर चालेल का? माझा प्रबंध त्याच्याशिवाय करते मी."

मला वाटलं ते हसतील किंवा रागावतील. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग नोंदवही उघडून लिहिलं, 'ईशान्य कोपरा पुढील काळातील संशोधनासाठी न खोदता राखून ठेवला आहे.' असं करायची आमच्यात रीत आहे, पण ती माझ्या खड्ड्यात, माझ्या सांगण्यावरून झाली याचा धक्का मला अजून पुरता पचलेला नाही.

"शेवंताबाईंना उद्यापासून बोलाव," वही मिटताना ते म्हणाले. "आणि पहारेकऱ्याला सांग, त्यांच्या हातात बादली द्यायची नाही."

हंगाम संपला की खड्डे बुजवावे लागतात. शेवटच्या दिवशी गडी फावड्यानं भराभर माती लोटत होते. चौथ्या खड्ड्याशी शेवंतामायनं त्यांना थांबवलं. "तुमी तिकडून लोटा. हा कोपरा मी भरतो." ती खाली उतरली आणि ओंजळीओंजळीनं माती टाकायला लागली. मी घमेली भरून तिला देत होते, शेजारी मातीची चाळणी पडून होती.

मधेच तिनं विचारलं, "पोरगा होता का पोरगी?"

मी म्हटलं, "माय, उघडूनही कळलं नसतं. इतक्या लहान हाडांवरून ते सांगता येत नाही."

"हाव का." तिनं दोन ओंजळी टाकल्या, तळव्यानं माती दाबली. "माह्यं पयलं आठव्या महिन्यात आलं. रडलंच नाई. बायाइनं फडक्यात गुंडायलं अन्‌ नदीच्या काठाले नेऊन ठेवलं. त्याच पावसायात पुरानं काठ नेला. काय होतं ते मले कोनी सांगतलं नाई. मीबी इचारलं नाई, समोर सासरे बसले होते."

मी भरलेलं घमेलं तिच्यापुढे ठेवलं.  गडी दुसऱ्या बाजूनं फावडी मारत होते.

तिनं रिकामं घमेलं माझ्याकडे सरकवलं.

"आनखी आन," ती म्हणाली. "ढेकूळ नको आनू. चायून आन."