सोमा तांडेलाचा ब्रेक

माणसाची पारख करायच्या देवबागात नाना रीती होत्या. कुणी घराणं बघे, कुणी जाळं बघे, कुणी जेवताना किती मासे मागतो ते बघे. सोमा तांडेल मात्र माणूस थांबतो कसा, तेवढंच बघायचा.

"मास्तरांनु, धावाक काय, कुत्रोय धावता," तो मला म्हणे. "थांबता कसो, ता बघूचा."

या एका मापाने त्याने अख्खा गाव मोजून ठेवला होता. आमचे भजनीबुवा म्हणजे "गळो बरो, पण ब्रेक लागत नाय." एकदा मतं मागायला एक पुढारी आला आणि देवळासमोर रिकाम्या बैलगाडीवर उभा राहून बोलू लागला. "शेवटचे दोन शब्द" म्हटल्यावर पाऊण तास झाला, तेव्हा सोमा शांतपणे उठला आणि गाडीच्या चाकाला एक भलाथोरला दगड लावून परत जागेवर बसला. पुढाऱ्याने विचारलं, हे काय? सोमा म्हणाला, "काय नाय, चलांदे तुमचा. खंय जावन पोचतास काय म्हायत, म्हणान लायलंय." पुढारी पाच मिनिटांत आटपला. गावाला एवढं उपयोगी काम त्या निवडणुकीत दुसऱ्या कुणी केलं नाही.

मी तेव्हा देवबागच्या शाळेत मास्तर होतो आणि सोमाच्या कुंपणाला कुंपण लावून राहत होतो. साठी ओलांडलेला हा माणूस चाळीस वर्षं रापणीच्या मोठ्या जाळ्याच्या होडीचा तांडेल, म्हणजे सुकाणू धरणारा म्होरक्या. जमिनीवरच्या कुठल्याही वाहनाशी त्याचा संबंध नव्हता. असा माणूस बेळगावात महिनाभर राहून गाडी शिकला आणि एके दिवशी तिथल्या लिलावातून लढाईतली जुनी जीप आणि तिच्यामागे जोडायचा दोनचाकी ट्रेलर घेऊन आला, तेव्हा गावाने आपापल्या परीने कारणं शोधली. कुणी म्हणालं मासे बेळगावला नेणार, कुणी म्हणालं चिऱ्यांचा धंदा करणार. खरं कारण कुंपणापलीकडे खाटेवर होतं.

त्याची बायको सुभद्राकाकी. पाच वर्षांपूर्वी विहिरीच्या पायरीवरून घसरली आणि कण्याला मार बसला. तेव्हापासून ती झोपून. दोन उशा लावल्या तर घटकाभर बसायची, तेवढंच. तिचं माहेर आरोंद्याला. आई ऐंशीच्या पुढची, आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाबरोबर तिचा एकच निरोप: एकदा तोंड दाखवून जा, मग मी जायला मोकळी. एसटीत झोपून जाता येत नाही. जीपमध्ये खाट मावत नाही. तांडेलाच्या बायकोला होडीने न्यायला काय झालं, असं मी एकदा विचारलं.

"नेलंय आसतंय," सोमा म्हणाला, "पण लाटेक ब्रेक खंय आसा?"

म्हणून ट्रेलर. त्यात खाट बांधली, खाली पेंढा, वर गोधड्या, आणि ताडपत्रीचं छप्पर. निघाले. पहिल्याच उतारावर आडवी म्हैस आली. सोमाने ब्रेक दाबला. जीप थांबली, पण मागच्या ट्रेलरला कुणी काही कळवलंच नव्हतं. तो येऊन जीपवर असा आदळला की काकीची किंकाळी म्हशीनेसुद्धा वळून ऐकली. वरात तिथूनच मागे फिरली.

"ब्रेक तुमी मारतास आनि कणो माझो मोडता," काकीने खाटेवरून निकाल दिला. "परत माका त्या गाड्यात घातलास तर बघा!"

तिथून सोमाला ब्रेकने झपाटलं. गोवा मोकळा होऊन फार दिवस झाले नव्हते. म्हापशाला मिंगेल नावाचा एक मिस्त्री होता, त्याच्याकडे तो ट्रेलर ओढत घेऊन गेला. मिंगेलने चाकं उघडली आणि टोपी काढली. आत विजेचे ब्रेक होते, शाबूत! चाकातल्या लोहचुंबकाला जीपच्या बॅटरीतून वीज सोडली की चाक धरलं जाणार. थोडी सोडली तर हळू, जास्त सोडली तर गच्च. ती वीज कमीजास्त सोडणारा कंट्रोलर तेवढा नव्हता. तो जीपमध्ये बसवायचा. मिंगेलकडे जुन्या सामानात दोन निघाले. एक जीपच्या पायब्रेकला जोडायचा, म्हणजे पाय दाबला की मागची चाकंही आपोआप धरणार. दुसऱ्याला नुसती हाताची मूठ. ओढाल तेवढा ब्रेक.

यातला कुठला घ्यावा, यावर देवबागात तीन महिने खल चालला. ज्यांनी आयुष्यात चाकाची वस्तू म्हणून फक्त विहिरीचा रहाट वापरला होता, त्यांची मतं सर्वांत ठाम होती. शेवटी सोमाने देवाला कौल लावला. गुरवाने पाषाणाला फुलं चिकटवली. उजवं पडलं तर पायाचा, डावं पडलं तर हाताचा. दोन्ही फुलं एकदम पडली.

गुरवाने दोन्ही फुलं उचलून उलटसुलट पाहिली. मग म्हणाला, "सोमा, देवाक तुझो प्रश्न समजाक नाय."

"तर मीच बघतंय," सोमा उठत म्हणाला. "पायाक अक्कल नसता. हाताचोच घेतंय."

मुठीचा कंट्रोलर आला. मिंगेलच्या चिठ्ठीप्रमाणे मी वाचत गेलो आणि सोमा जोडत गेला. पेटी चालकाच्या उजव्या हाताशी, एक तार बॅटरीला, एक जीपच्या पोटाखालून मागे ट्रेलरला. तारेची टोकं उघडी बघून मात्र तांडेलाचा जीव राहीना. चाळीस वर्षांची सवय! खाऱ्या वाऱ्यात काहीही टिकवायचं तर त्याला मुशी माशाचं तेल चोपडायचं, ही होडीवाल्यांची श्रद्धा. मी घरी जेवायला गेलो तेवढ्यात त्याने प्रत्येक जोडाला, प्रत्येक स्क्रूला आणि कंट्रोलरच्या आतल्या पट्ट्यांनाही सढळ हाताने तेल पाजलं.

दुसऱ्या दिवशी उद्घाटन होतं. नारळ ठेवला. गावच्या मानकऱ्याने गाऱ्हाणं घातलं: "बा देवा म्हाराजा! ह्या सोमान म्हापशासून जो काय खटको हाडलेलो आसा, तेका यश दी रे म्हाराजा! थांबय म्हटल्यार थांबांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाव ओरडला.

काकीच्या जागी खाटेवर पाण्याने काठोकाठ भरलेली घागर ठेवली होती. जीप सुटली. मागून गावातली यच्चयावत मांजरं धावली, कारण ट्रेलरला मुशीचा घमघमाट सुटला होता. माडाजवळ सोमाने मूठ ओढली. काहीच झालं नाही. तेलातून वीज जाते कुठली? त्याने घाबरून पायब्रेक दाबला, ट्रेलर आदळला, घागर उडाली आणि मानकरी भिजले. मांजरं तेवढी जागच्या जागी थांबली आणि तारा चाटू लागली.

सोमा दोन दिवस घराबाहेर पडला नाही. मिंगेलला पत्र लिहायला त्याने मला बोलावलं. मी मायना लिहितोय तोच आतून काकीचा आवाज आला.

"म्हापशाक कित्याक लिवतास? तांब्याची भांडी कशान घासतत? भिरंडाच्या सालीन घासा. तेलय जायत आनि कळकय."

कोकमाच्या सालीने घासून, स्वच्छ धुऊन, उन्हात वाळवून पट्ट्या लख्ख झाल्या. मूठ ओढली आणि चाकं अलगद धरली गेली. पुढचे पंधरा दिवस सोमा रोज घागर भरून उतारावर न्यायचा, आणि पाण्याचा थेंब सांडला की खाली बसून पुन्हा स्क्रू फिरवायचा. शेवटी घागर गेली तशी परत आली. काकीने ती खाटेजवळ आणवली, आत बोट बुडवून पाहिलं आणि म्हणाली, "जावया."

निघायच्या सकाळी मीही बरोबर होतो. जीपमध्ये बसलो तर कंट्रोलर जागेवर नव्हता! नुसती चार भोकं. तार लांबवून मागे गेली होती. मागे जाऊन बघतो तर पेटी खाटेच्या लाकडाला पक्की बसवलेली, आणि मूठ काकीच्या हाताखाली.

"तांडेल, ब्रेक मागे?"

"तांडेल मागेच बसता, मास्तरांनु. होडयेत कधी पुढे बसलेलो बघलात?"

जमलेल्या मंडळींना आयतं सापडलं. "बायलेच्या हातात ब्रेक दिलो रे!" एकजण ओरडला.

"पयल्यापासून थंयच आसा," सोमा म्हणाला, आणि मीही पोट धरून हसलो. मग जीपमध्ये चढताना तो माझ्याशीच बोलल्यासारखा पुटपुटला, "कितक्या दुखता, ता तिकाच कळता. माका पुढे बसान काय समाजता?" माझं हसू ओसरलं.

बैलांनी मागे टाकावं अशा चालीने आम्ही निघालो. मागून जरा ओढ लागली की सोमा लगेच जीप थांबवायचा, काकीला श्वास घेऊ द्यायचा. कुडाळपर्यंत चारदा, सावंतवाडीपर्यंत दोनदा. पुढे मूठ ओढलीच गेली नाही. आरोंदा आलं, खाडी दिसली, माहेरच्या घराचं वळण दिसलं आणि एकाएकी मागची चाकं गच्च धरली गेली. जीप हिसका खाऊन उभी राहिली.

सोमा उडी टाकून मागे धावला. "खंय लागला गो? कणो? माका सांग!"

"खंयच नाय," काकी म्हणाली. "माझे केस बघा कशे झालेत. पाच वर्सांनी आवस बघतली माका. अशी नुको जावया."

"मास्तरांनु, तुमी जरा पुढे बघा," सोमा म्हणाला.

मी पुढे बघितलं. पण जीपला आरसा होता आणि मी काही साधुसंत नाही. सोमाने कनवटीची फणी काढली, काकीचं डोकं एका हाताने अलगद उचलून आपल्या मांडीवर घेतलं आणि गुंता सोडवू लागला. मला वाटलं, हा रापण ओढणारा हात आता केस उपटणार. पण तो हात चाचपडला नाही. कुठे गुंता असतो, कुठे फणी थांबवायची, मान किती वळवली की दुखतं, सगळं त्याला ठाऊक होतं. बघता बघता अंबाडा घातलासुद्धा, एखाद्या बाईला लाजवील असा. घरात ना मूल, ना लेक, ना सून. पाच वर्षं रोज काकीचे केस कोण विंचरत होतं, हे कुंपणाला कुंपण लावून राहिलेल्या मला कधी सुचलंही नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

"घट झालो काय गो?" त्याने विचारलं.

"नाय. बरो आसा," काकी म्हणाली, आणि तिने मूठ सोडली.